आमच्या जीपचे पाटे

आमच्या फणसवाडीत फणस नाही. केळेवाडीत केळ नाही, आंबेवाडीत आंबा नाही, आणि कांदेवाडीत कांदे असलेच तर ते भाजीवालीच्या टोपलीत. माणूस गेल्यावरही त्याच्या नावाची पाटी दारावर राहते, तशी गिरगावातली ही नावे राहिली आहेत. फणसवाडीत जे आहे ते असे: बालाजीचे दाक्षिणात्य धर्तीचे देऊळ, पहाटेच्या घंटा, भुलेश्वराच्या बाजूने झेंडूचे हारे डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाया, लाकडी कठड्यांच्या चाळी, त्यांच्या खांद्यावरून डोकावणारे नवे मनोरे, आणि आमच्या चाळीच्या चौकात, नळाच्या अलीकडे, उभी असलेली हिरव्या रंगाची एक जीप.

ही जीप १९६८ सालची, म्हणजे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी वडील. मी मराठीचा प्राध्यापक. वृत्ते आणि अलंकार शिकवण्यात वीस वर्षे गेली. यंत्रातले मला एवढेच कळे की ते बिघडते. तरीही गेल्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे या जीपच्या पोटाखाली काढले. माझ्या सौभाग्यवतीच्या मते ते माझे डोके फिरल्याचे लक्षण होते. तिचे बरोबर असेल. पण डोके फिरायला कारण होते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही.

जीप वडिलांनी १९८४ साली सरकारी लिलावात घेतली. ते ओव्हरसिअर होते. ज्या जातीच्या गाडीतून नोकरीभर धुळीत हिंडले, तीच गाडी त्यांनी हौसेने विकत घेतली, ही गोष्ट आईला कधीच पटली नाही. जीप ही मुळात लढाईची गाडी. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला पाव टन ओझे वाहणारी, चारही चाकांना जोर असणारी, चिखलातून चढणारी गाडी हवी होती, त्यातून ती जन्माला आली. लढाई संपल्यावर महिंद्रांनी तिचे सुटे भाग आणून ती माझगावात जोडायला सुरुवात केली. फणसवाडीपासून माझगाव ते किती? तेव्हा आमची जीप ही तशी माहेरच्या जवळपासच नांदते, असे वडील म्हणत. उंच बोनेटची, दोन चाकांच्या आसांमध्ये जेमतेम ऐंशी इंचांचे अंतर असलेली ही गाडी डोंगर चढण्यासाठी केलेली आहे. माणसांना बसण्याचीही सोय तीत आहे, पण ती नंतर सुचल्यासारखी.

या गाडीने आम्ही दरवर्षी दापोलीपलीकडे आमच्या गावी जात असू. २०१४ साली वडील गेले. पुढे गाडी मी चालवू लागलो. २०१६ च्या मे महिन्यात गावाहून परतताना एका गतिरोधकावर मी वेग आवरायला चुकलो. गतिरोधकावर ना पट्टे होते ना पाटी, पण ते कारण मी आता सांगत नाही. मागच्या बाकावरून आईचा एक बारीक "आई गं" ऐकू आला. ती पुढे काही बोलली नाही. घरी आल्यावर तिला जिना चढता येईना. कमरेचा एक मणका दबला होता. हाडे ठिसूळ झाली आहेत, असे डॉक्टर म्हणाले; एरवी एवढ्या धक्क्याने काही झाले नसते. त्या "एरवी"वर मी नऊ वर्षे दिवस काढले. आईने त्या प्रसंगाचा उल्लेख कधी केला नाही. फक्त ती पुन्हा जीपमध्ये बसली नाही, आणि गावालाही गेली नाही.

यंदा फाल्गुनात गावाहून चुलतभावाचा फोन आला. घराची कौले काढून पत्रे घालायचे ठरले होते. माकडांचा त्रास, दरवर्षीची शाकारणी, माणसे मिळत नाहीत. सारी कारणे खरी. आईने फोन ठेवला आणि म्हणाली,

"कौलं उतरायच्या आत मला एकदा घर बघायचंय."

मी म्हटले, "भाड्याची चांगली मोटार करू. गार हवा असते, गाद्या असतात."

"ती खालच्या रस्त्यापर्यंत. वर कोण नेणार?"

तिचे खरे होते. डांबरी रस्ता सोडल्यावर घरापर्यंत एक किलोमीटरची चढण आहे, जांभ्या दगडाची आणि लाल मातीची. तिथे भाड्याच्या मोटारीचे पोट घासते, आणि चालक हात जोडतो. मी डोलीचे सुचवले. त्यावर आई म्हणाली, "चार माणसांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं. तेव्हा न्या." विषय संपला. चढण चढेल अशी घरात एकच गाडी होती, आणि तिच्यात आईला बसवायचे तर त्या गाडीने आपला स्वभाव बदलायला हवा होता. डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधून, मध्ये मध्ये थांबत प्रवासाला परवानगी दिली. अट एकच, धक्का बसता कामा नये. जीपच्या बाबतीत ही अट म्हणजे मिठाने गोड व्हावे अशी होती.

धक्का मोजायचा कसा, हा पहिला प्रश्न. माझ्याजवळ उपकरण नव्हते. मी घरातला पितळी तांब्या घेतला, त्यात गळ्यापर्यंत पाणी भरले, आणि तो पुढच्या आसनावर दोन उशांच्या मध्ये ठेवून गाडी काढली. फणसवाडीतून ठाकूरद्वार, तिथून चर्नी रोड स्टेशन, चौपाटीला वळसा आणि परत. या फेरीत काँक्रीट आहे, डांबर आहे, उखडलेल्या फरश्या आहेत, खणून बुजवलेले चर आहेत. मुंबईच्या रस्त्यांचे हे छोटेसे संग्रहालयच. निघताना तांब्यात बोटे लावून मोजले तर नऊ बोटे पाणी होते. परत आलो तेव्हा चार. बाकीचे पाच बोटे पाणी माझ्या विजारीवर होते. २०२५ च्या ऑक्टोबरात याच गिरगावच्या पोटातून मेट्रो धावू लागली. तीत हाच तांब्या नेला असता तर बहुधा थेंबही सांडला नसता, असे मला नंतर वाटले. पण मेट्रो आमच्या घराची चढण चढत नाही.

पहिल्या आठवड्यात मी जे जे केले ते सगळे चुकले. ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथल्या एका दुकानदाराला मी सांगितले की गाडी फार आदळते. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि चार जाडजूड शॉक अॅब्सॉर्बर काढून दिले. हे ट्रकच्या तोडीचे आहेत, म्हणाला. मला वाटले, जितके जाड तितके धक्के जास्त गिळतील. ते बसवून तांब्याची फेरी केली, तर पाणी उरले तीन बोटे! शिवाय एक गुबगुबीत फोमची गादी आणली. तिच्यावर बसल्यावर खड्ड्यात माणूस खाली जाई आणि खड्डा संपल्यावर गाडीपेक्षा उंच उडे. चाळीतली पोरे एव्हाना तांब्यावर पैजा लावू लागली होती. एक मित्र म्हणाला, पाटे टाकून दे आणि हल्लीच्या मोटारींसारख्या गुंडाळी स्प्रिंगा बसव. पण गाडीच्या मूळ बांधणीत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ कडकच लावला आहे. जुनी गाडी फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून चालवणाऱ्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये.

शेवटी काळाचौकीला पाट्याचे काम करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. साताऱ्याकडचे गृहस्थ, सत्तरीचे. त्यांनी गाडीकडे पाहिले नाही. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून सारा भार टाकला, आणि हात काढला. गाडी जागची हलली नाही.

"सर, ही गाडी नाही, ओटा आहे," ते म्हणाले. "आता ह्याच्यावर बसून धक्का नाही बसायचा तर काय होणार?"

मग त्यांनी मला जे शिकवले ते मी, वर्गात शिकवतो त्यापेक्षा बरे, इथे सांगण्याचा प्रयत्न करतो.

गाडीचा धक्का शॉक अॅब्सॉर्बर गिळतो, ही नावामुळे झालेली दिशाभूल आहे. धक्का गिळतात ते पाटे. पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक रचून केलेली ही कमान. १८०४ साली इंग्लंडात ओबादाया इलियट नावाच्या माणसाने घोडागाडीला अशा कमानी लावल्या तेव्हापासून ही कल्पना फारशी बदललेली नाही. चाक दगडावर चढले की कमान दबते, आणि वरची माणसे होती तिथेच राहतात. पुढे ती कमान परत उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे हेलकावे थांबवण्याचे काम मात्र शॉक अॅब्सॉर्बरचे. तो फार कडक असला तर कमानीला दबूच देत नाही. मी बसवलेले ट्रकच्या तोडीचे नग नेमके तेच करीत होते. फणसवाडीतल्या हातगाडीला कमान नसते. तिच्यावर काचेचे सामान असले की हमाल तिला कसा जपून नेतो ते पाहा. माझी जीप चार चाकांची हातगाडी झाली होती.

माणसाच्या शरीराचेही एक गणित आहे. आपण चालतो तेव्हा धड सेकंदाला दीड-दोनदा वर-खाली होते, आणि त्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. गाडी याच लयीत किंवा याहून संथ डुलली तर डोळा लागतो. पण सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर बसलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्याला सर्वांत बाधते. कमान गंजून जखडली की ती संथ डुलायचे सोडून देते, आणि मग टायरांच्या रबरावर उसळणारी गाडी हीच दुसरी लय धरते. म्हणजे मणक्याला जे नको, नेमके तेच.

आता कमान का दबत नव्हती? मिस्त्रींनी एकेक कारण काढून समोर ठेवले, आणि प्रत्येक कारणापाशी मला थोडी लाज वाटली.

पहिले कारण हवा. पेट्रोल पंपावरचा मुलगा विचारी, "किती?" आणि मी सवयीने "पस्तीस" म्हणे. एवढ्या हलक्या गाडीला एवढी हवा म्हणजे टायर लाकडाचे करणे. ती चोवीसवर आणली. टायरही नऊ वर्षांचे, कडक होऊन चिरा पडलेले, ते बदलले. हवेला खर्च शून्य, आणि तेवढ्याने तांब्यात पाणी उरले पाच बोटे. वाचकांपैकी कोणाची असली जुनी गाडी असेल तर त्यांनी आधी हे करावे, आणि बाकीचे वाचण्यापूर्वीच करावे. फक्त लांब रस्त्यावर भरधाव जायचे असेल किंवा ओझे घालायचे असेल तर हवा पुन्हा वाढवावी; कमी हवेचा टायर वेगात तापतो.

दुसरे कारण शॅकल. कमान दबली की ती सपाट होते, आणि सपाट झाली की लांब होते. तिला लांब व्हायला वाव मिळावा म्हणून तिचे एक टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीत अडकवलेले असते. ही कडी जखडली तर पाटा कितीही चांगला असो, त्याला हलताच येत नाही. आमच्या चारपैकी तीन कड्या जखडलेल्या होत्या. तिथे ग्रीस जायला जी बारीक तोटी असते, तिच्यावर हिरव्या रंगाचा जाड थर होता. दसऱ्याला गाडी रंगवायची आमच्या घरची हौस! मीच दोनदा ब्रश फिरवला होता. बाहेरून गाडी चकचकीत दिसत होती आणि आत एक थेंब वंगण जात नव्हते.

तिसरे कारण गंज. पाट्यांनी दबताना एकमेकांवरून किंचित सरकायला हवे. मधे गंज चढला की ते एकमेकांना धरून ठेवतात. मोठा खड्डा आला तरच सुटतात, बारीकसारीक धक्के जसेच्या तसे वर पाठवतात. मिस्त्रींनी पाटे उतरवले, मधला बोल्ट काढला, आणि एकेक पाटा फरशीवर मांडला. तासून, घासून, कडा गोल करून, त्यांना काळे ग्राफाइटचे ग्रीस लावण्याचे काम दोन दिवस चालले.

आणि हे करता करता चौथे कारण निघाले.

"सर, हे मोजा," मिस्त्री म्हणाले. मागच्या प्रत्येक कमानीत अकरा पाटे होते. नऊ एका जातीचे. दोन निराळे, जाड, वाक न जुळणारे. "हे दोन कोणीतरी मागनं घातलेत. पाव टनाच्या गाडीला अर्ध्या टनाचा पाटा. कशाला घातले असतील?"

मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारले. ती देवापुढे वाती करीत होती. वाती करायचे थांबली नाही.

"कौलांच्या वेळचे असतील," ती म्हणाली. "एक्याण्णव साली घर शाकारलं ना, तेव्हा मंगळुरी कौलं आणली. ट्रक खाली रस्त्यावर रिकामा झाला. वर कौलं चढवायला माणसं मिळेनात. मग ह्यांनी खेडला जाऊन गाडीला पाटे घालून आणले, आणि सगळी कौलं स्वतः वर नेली."

मी मनात हिशोब केला. एका मंगळुरी कौलाचे वजन अडीच-तीन किलो. बासल मिशनने १८६५ साली मंगळुरास ती पाडायला सुरुवात केली. कोकणातल्या किती घरांवर ती चढली त्याला गणती नाही. आमच्या घराला तीन हजारांच्या आसपास लागली. एका खेपेस दीडशे धरली तरी सव्वाचारशे किलो. वीस खेपा.

"वीस नाही, तेवीस," आई म्हणाली. "मी मोजत होते. संध्याकाळी ह्यांचे हात वर होत नव्हते."

"मग पाटे नंतर काढले का नाहीत?"

"म्हणाले होते, कौलं झाली की काढू." तिने एक वात वळून पूर्ण केली. "मग राहिलं."

राहिले ते चौतीस वर्षे राहिले. कौलांसाठी कडक केलेली गाडी पुढे माणसे वाहत राहिली. एक गोष्ट मला त्या रात्री प्रथमच लख्ख दिसली. जीपमध्ये पुढे दोन आसने असतात, ती दोन आसांच्या साधारण मध्ये येतात. मागे आडवे दोन बाक असतात, ते थेट मागच्या चाकांवर. सर्वांत मोठा धक्का कुठे बसत असेल तर तिथे. पुढे वडील बसत, त्यांच्या शेजारी काका, काका नसले तर मी. आई लग्न होऊन घरात आली तेव्हा मोठ्यांच्या पुढे बसायचे नसते ही रीत होती. जीप आली तेव्हा सासरे बरोबर असत. सासरे गेले, काका म्हातारे झाले, मी मोठा झालो. आई मागेच बसत राहिली. कोणी तिला बस म्हटले नव्हते, तशी पुढे ये असेही म्हटले नव्हते. २०१६ साली त्या गतिरोधकावर माझ्या शेजारी आसनावर आमच्या दोन बॅगा होत्या.

मिस्त्रींना मी सांगितले, ते दोन पाटे काढा. त्यांनी एक अट घातली. "मागनं घातलेले काढतो. मूळच्या पाट्याला हात लावणार नाही. लोक येतात, म्हणतात, आणखी दोन काढा, गादीसारखी होईल. मग एक दिवस मुख्य पाटा तुटतो आणि आस सरकतो." असे म्हणून त्यांनी नऊ पाट्यांची कमान बांधली, शॅकलमध्ये नवे बुश घातले, रंग खरवडून तोट्या मोकळ्या केल्या, आणि माझे महागडे शॉक अॅब्सॉर्बर काढून साधे, गाडीच्या मापाचे बसवले. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या, असे तीनदा बजावले. ब्रेकही तपासून दिले. गाडी मऊ झाली म्हणजे माणूस वेग विसरतो, हे त्यांचे म्हणणे.

कोपऱ्यावर पुन्हा हात टाकला तेव्हा गाडी दबली, आणि एकदा डुलून शांत झाली. तांब्यात पाणी उरले सात बोटे. पुढच्या आसनात गुबगुबीत गादीऐवजी खाली कडक आणि वर थोडा मऊ असा फोम भरून घेतला, पाठीला टेकू उंच केला, कमरेचा पट्टा लावला. मागे तांदळाची दोन पोती टाकली. रिकामी जीप भरलेलीपेक्षा जास्त उडते, कारण ती वजन गृहीत धरूनच बांधलेली असते. आठ बोटे. चाळीच्या कठड्यावरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नववे बोट काही मिळाले नाही. ऐंशी इंचांच्या गाडीचे पुढचे चाक खड्ड्यातून निघते न निघते तोच मागचे त्यात उतरते, आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे झुलते. त्याला पाट्यांत औषध नाही. औषध एकच, सावकाश जाणे.

वैशाखात एका पहाटे साडेचारला निघालो. बालाजीच्या देवळात दिवे लागले होते, फुलांचे हारे उतरत होते. आई चाळीचे जिने एकेक पायरी करीत उतरली, आणि सवयीने गाडीच्या मागे गेली. मी पुढचे दार उघडून उभा होतो. (जीपला दार म्हणजे कापडी पडदाच, पण ते असो.) ती क्षणभर थांबली.

"पुढे?"

"पुढे."

चढायला पायाखाली पाट ठेवला होता. बसली, पदर आवरला, पट्टा लावून घेतला. हातात एक पिशवी होती, ती पायाशी ठेवली. जड वाटली म्हणून विचारले, तर म्हणाली, असू दे.

पूर्व मुक्त मार्गावरून उजाडायच्या आत चेंबूर गाठले. पनवेल, पेण, वडखळ. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून चालू होते. आम्ही गेलो तेव्हा कुठे गुळगुळीत काँक्रीट, कुठे वळवलेला कच्चा रस्ता, असा लपंडाव होता. काँक्रीटच्या दोन लाद्यांच्या सांध्यावर जीप टप्-टप्, टप्-टप् असे बोले, पण ते बोलणे होते, ओरडणे नव्हते. वेग मी पन्नासच्या पुढे नेला नाही. दर तासाला थांबलो. माणगावला चहा, महाडला पोहे. मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवीत पुढे गेल्या. त्यांत काही जणांनी जीपचे फोटो काढले, आणि आईचेही. कच्च्या रस्त्यावर मी मधून मधून तिच्याकडे पाही. तिच्या ते लक्षात आले.

"माझ्याकडे नको, रस्त्याकडे बघ," ती म्हणाली. त्या गतिरोधकाविषयी नऊ वर्षांत तिने केलेला हा एवढाच उल्लेख, जर तो उल्लेख असेल तर.

कशेडीच्या डोंगरात आता बोगदा झाला आहे. बोगद्यातून बाहेर पडताच समोर डोंगरांच्या रांगा एकामागे एक उलगडल्या. आई बराच वेळ पाहत राहिली.

"हे असं आहे होय?" ती म्हणाली.

"म्हणजे? तू तीस वर्षं येतेयस."

"मी मागे बसायचे रे. ताडपत्रीतून मागचंच दिसायचं. कोणतं गाव सुटलं ते कळायचं. कोणतं येणार ते नाही."

खेडवरून दापोलीकडे वळलो. दापोलीच्या पुढे आसूदच्या बाजूचा तो उतार, सुपारीच्या बागा, पाटाचे पाणी, श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'चा हा मुलूख मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या दिवशी मात्र साहित्य आठवले नाही. गाव आले, डांबर संपले. मी उतरून टायरची हवा आणखी थोडी काढली, चारही चाकांचा जोर जोडला, खालचा गिअर टाकला. गाडी मुंगीच्या चालीने जांभ्यावर चढू लागली. एकेक चाक दगडावर चढे, कमान दबे, आणि चाक उतरे. आईने समोरची दांडी एका हाताने धरली होती, दुसरा हात मांडीवर होता. अर्ध्या चढणीवर पाहिले तर समोरची दांडीही तिने सोडून दिली होती.

घर जागेवर होते. पण कौलांना आम्ही गाठले नाही; निम्मी उतरून झाली होती. माणसे आयत्या वेळी मिळाली म्हणून चुलतभावाने दोन दिवस आधीच काम काढले होते. अंगणात कौलांच्या चळती लागल्या होत्या, शेवाळलेली बाजू वर. अर्ध्या घरावर वासे उघडे आणि त्यांतून आकाश. आई गाडीतून उतरली, चळतीशी गेली, वरचे एक कौल उलटे करून पाहिले आणि परत ठेवले. मग उरलेल्या छपराखाली, माजघरात, जाऊन बसली. मी वाट पाहत होतो की ती काही बोलेल. तिने पाणी मागितले.

दुपारी चुलतभाऊ मोठ्या उत्साहाने म्हणाला, "दादा, बरं झालं जीप आणलीत. खाली रस्त्यावर एक जण जुनी कौलं घ्यायला तयार आहे. वीस-पंचवीस खेपांत सगळी खाली जातील."

मी उत्तर देण्याआधी आतून आईचा आवाज आला. "नाही जायची. पाटे काढलेत."

कौले शेवटी दोन दिवसांनी डोक्यावरून खाली गेली. आईने पायाशी ठेवलेल्या पिशवीत ते काढलेले पाटे होते, चारही. मिस्त्रींकडून ते मी घरी आणून जिन्याखाली टाकले होते. ते तिने केव्हा उचलून घेतले ते मला कळले नाही. मणका दबलेल्या बाईने ते कसे उचलले, यावर सौभाग्यवतीने परत आल्यावर माझी चांगली उलटतपासणी केली. जीपच्या पाट्याच्या पोलादाचा कोयता चांगला होतो, धार टिकते, हे कोकणात पोरालाही ठाऊक आहे. दोन पाटे तिने लोहाराकडे दिले, नारळ सोलायच्या कोयत्यासाठी एक आणि चुलतभावाच्या बायकोला विळीसाठी एक. उरलेले दोन घरात ठेवून दे म्हणाली. कुठे ते चुलतभावाने विचारले, तेव्हा वर उघड्या वाशांकडे पाहून म्हणाली, "पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेव वजनाला."

परतीच्या वाटेवर पेणच्या अलीकडे तिचा डोळा लागला. यू-बोल्ट मी मुंबईला पोचल्यावर आवळून घेतले.